खुर्चीवरचा पांढरा रंग

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय. मनीषनगरात, माझ्या मुकुंदकाकांच्या फ्लॅटमध्ये, याच उन्हाळ्यात. तेही रात्री नाही, भर दुपारी.

काकांनी लग्न केलं नाही. कोराडीच्या वीज केंद्रात कारकुनी केली आणि आयुष्यभर एकच नाद जोपासला. जुन्या दिवाळी अंकांतल्या कथांची मूळ चित्रं जमवायची. छापलेली नव्हेत, चित्रकाराने स्वतःच्या हाताने शाईने काढलेली. पस्तीसेक जमली. पण जीव जडला तो एकावरच.

अंगण. वेताच्या दोन खुर्च्या. एकीवर बाई, हातात कप. दुसरी रिकामी, आणि बाई तिच्याचकडे बघतेय.

रोज चारला काका ते चित्र टेबलावर उभं करायचे आणि समोर बसून चहा प्यायचे. बाईशी बोलायचेही.

"ती माझीच वाट पाहून राहिली गा," असं एकदा मला म्हणाले होते. मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

त्या रिकाम्या खुर्चीवर पांढऱ्या रंगाचा जाड थर होता. चित्रात काही चुकलं की चित्रकार वरून पांढरा रंग मारायचे; छापल्यावर ते कळत नसे. त्या रंगाला हात लावायचा नाही, हे मूळ चित्रं जमवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. काकांनाही होतं.

पण नवतपा चालू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कामवाली कांताबाई गावाला गेलेली, चार दिवस माणसाचा आवाज कानावर नाही. काकांनी चित्र खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं, आणि थराखाली रेघा दिसल्या...

त्यांनी ओला कापूस घेतला. हळूहळू पुसलं.

खाली एक पुरुष होता. खुर्चीत ऐसपैस बसलेला.

म्हणजे इतकी वर्षं बाई त्याच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी कांताबाई कामावर आली. चारच्या सुमाराला भांडी घासता घासता तिने विचारलं, "काका, पाहुणे आले काय जी? आतमंधी बाई हासून राहिली."

काकांनी कूलर बंद केला.

कपबशी वाजली...

बाई हसली...

मग पुरुषाचं खाकरणं...

काकांनी चित्रांच्या खोलीचं दार ढकललं. आवाज थांबले. खोलीत कुणी नव्हतं. दोघं बोलत असताना तिसरा आला की कशी गप्प होतात, तसं वाटलं त्यांना.

आठ दिवस हेच. काका म्हणतात, भीती नाही वाटली, वाईट वाटलं. आपल्याच घरात आपण उपरे. नवव्या दिवशी त्यांनी पांढरा रंग आणला आणि त्या पुरुषाला पुन्हा झाकून टाकलं.

सकाळी पाहिलं, तर बाईही नव्हती.

तिच्या खुर्चीवर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. वेताची वीण स्पष्ट दिसत होती.

त्या दिवशी काकांचा फोन आला. "मी असं काहून केलं गा?" एवढंच म्हणत राहिले. रडत होते.

मागच्या रविवारी मी गेलो. दार नुसतं लोटलेलं. काका चित्रांच्या खोलीबाहेर उभे होते. खोलीचं दार बंद. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कप.

मी काही बोलणार, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

आत कपबशी वाजली...

बाई हसली...

मी माझ्या कानांनी ऐकलं.

"काका, चला माझ्या घरी." मी त्यांचा दंड धरला.

"थांब जरा," ते कुजबुजले. "मागच्या वेळी मी न विचारता घुसलो. आता ते बोलावतील मले."

सहाला मी निघालो तेव्हा चहावर साय धरली होती. काका तिथेच उभे होते.

तेव्हापासून रोज चारनंतर मी फोन करतो. काका "अजून नाही" म्हणतात आणि ठेवतात.

काल त्यांनी फोन उचलला नाही.

सकाळपासून गाडीची किल्ली हातात घेऊन बसलोय. तिथे गेल्यावर आधी ते चित्र बघावं लागेल, आणि त्यात किती खुर्च्या असतील याची मला भीती वाटतेय.