निएवेसची पिन

ग्रहण दुपारी एकला लागणार होतं, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर सुनेला पोटाचे फोटो काढून हवे होते.

"असला तांबूस उजेड पुन्हा मिळायचा नाही, सासूबाई," आरशासमोर बसून इत्सेल म्हणाली. आठवा महिना, भाड्याने आणलेला मोतिया रंगाचा झिरझिरीत झगा, आणि झग्याला मांजरांनी झोपावं एवढी लांब शेपूट.

"उजेड मिळेल गं. पण चंद्राने बाळाचा ओठ कुरतडला म्हणजे? पिन लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाक, मग बघ!" ऑब्दुलियाबाई गरजल्या.

पापालोआपान नदीच्या काठावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. ग्रहणात पोटुशी बाईने पोटाशी लाल फीत आणि सेफ्टी पिन लावायची म्हणजे लावायचीच. घोटाळा दुसराच झाला. झगा सैल निघाला, म्हणून फोटोवाल्या रुबीने घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या पिना त्याच्या पाठीला टोचून संपवल्या. एक काढावी तर झगा घसरणार. दुकानं बंद. शेजारणीकडे मागावी, तर ग्रहणाच्या दिवशी पिन कोण देईल?

बाई शिवणाच्या डब्याशी घुटमळल्या. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्याच्या तळाशी एक पिन होती. सहा वर्षांत त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं.

ती निएवेसची. निएवेस इथे कपडे धुवायला यायची. बाईंच्या लेकापासून, फेर्मीनपासून, तिला दिवस गेले होते आणि तो लग्नाची भाषा बोलायला लागला होता. तेव्हाही असंच ग्रहण आलं. फेर्मीन बोट घेऊन गेलेला. बाईंनी पोरीला मायेने जवळ ओढलं, "फीत सैल झालीय गं, नीट लावते," म्हणाल्या, पिन हळूच मुठीत लपवली आणि चादरी खळबळायला तिला नदीवर धाडलं. फाटक्या ओठाचं पोर झालं की फेर्मीन तोंड फिरवेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. नदीवर पोरीचा हात पोटाशी गेला, पिन नाही कळताच ती घाबरून पळाली आणि शेवाळल्या पायरीवरून घसरली. चादरी दुसऱ्या दिवशी खाली लव्हाळ्यात सापडल्या. ती सापडली नाही.

पिन ती पिन, असं मनाशी म्हणत बाईंनी तिच्यात फीत ओवली आणि सुनेच्या पोटाशी झग्याला टोचली. बोटं ओली झाली. डबा तर कोरडा होता. खोलीत वास पसरला... चिखलाचा, आणि कपड्यांना देतात त्या निळीचा.

बाहेर पाखरं गप्प झाली. भिंतीवरचा उजेड तांब्यासारखा काळवंडला.

"एक इथेच काढून बघते," रुबीने कॅमेरा डोळ्याला लावला. "ऑब्दुलियाबाई, हात काढा ना तुमचा मधून."

"माझा? बये, मी दाराशी उभी आहे."

रुबीने छोट्या पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. इत्सेलचे दोन्ही हात पोटाखाली होते. पोटावर तिसरा होता. दिवसभर धुणं धुऊन पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं. चिमटीत पिन.

"टोचतंय..." इत्सेल कळवळली. "सासूबाई, काढा ती..."

बाई धावल्या. पिन उघडली होती आणि तिचं टोक आत वळलं होतं. निघेना. मिटेना.

"फीत सैल झालीय गं..." कानाशी ओला आवाज आला. "नीट लावते..."

"कोण बोललं?" इत्सेलने विचारलं.

आरडाओरडा ऐकून फेर्मीन दारात आला होता. दर वर्षी त्या पायरीवरून नदीत फुलं सोडणारा, रोज सकाळी आईसाठी गोड पाव आणणारा एकुलता एक लेक.

"त्याला सांगा... कुणाची पिन..." पुन्हा तोच ओला आवाज.

"दुकानातली आहे," बाई पुटपुटल्या.

मोतिया झग्यावर रक्ताचा थेंब उमटला. आतल्या बाळाने एवढी जोरात लाथ मारली की झगा हलला.

"निएवेसची!" बाई किंचाळल्या. "मी काढून घेतली होती... तिला मुद्दाम नदीवर पाठवलं मी... माझ्या नातवाला सोड गं, पाया पडते!"

टच्. पिन आपोआप मिटली.

 फेर्मीनने झग्याची शेपूट हातावर गोळा केली, बायकोला बोटीत बसवलं आणि पलीकडच्या काठावर गेला तो कायमचा. नातू झाला, ओठ अखंड. बाईंना कुणी बारशाला बोलावलं नाही. रुबीने तेवढा तो फोटो पाठवला.

त्यात आता इत्सेलच्या पोटावर तिचेच दोन हात आहेत. मागे दारात ऑब्दुलियाबाई. गरोदर बायका उभ्या राहतात तशा, दोन्ही हात स्वतःच्या पोटाखाली धरून. आणि त्यांच्या पोटावर तिसरा हात.

त्याला आता आठ महिने होऊन गेले. अडुसष्टाव्या वर्षी पोटाशी लाल फीत कशाला बांधता, असं शेजारणी हसत विचारतात.  बाई उलट विचारतात, पुढचं ग्रहण कधी, आणि बोलता बोलता कळवळून पोट धरतात. आतून लाथ बसली की निळीचा वास येतो.

पिन काही त्यांना कुठे मिळत नाही.