बिरूअण्णांचा नंबर

हे घडलंय. पटत नसेल तर इथंच थांबा, पण हसू नका. आधीच माझं डोकं फिरलेलं आहे.

२००८चा श्रावण. भोरमधलं माझं कॉम्प्युटरचं दुकान. भरदुपार.

राजगडाखालच्या पाली गावातले बिरूअण्णा ट्रेकर्सना गडावर न्यायचे. जेवण त्यांच्याच घरी, त्यांच्या बायकोच्या, सोजरामावशींच्या हातचं. त्यांचं वेबपान मी बनवलेलं. वर अण्णांचा फोटो, खाली मोबाईल नंबर.

पावसात हरवलेली शेळी शोधताना अण्णा कड्यावरून पडून गेले. मोबाईलही दरीत गेला. सापडलाच नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. शेवटी धाकट्या भावानं, सोमनाथनं, हात जोडले. "दादा, वहिनीची गिऱ्हाइकं म्या तोडणार न्हाई."

लगेच शिवला.

आणि त्याच दुपारी हा निर्लज्ज माणूस माझ्यासमोर!

"निलोफरताई, दादाचा फोटो काडा, माजा लावा. नंबर बी माजाच."

"पिंडाचा भात तरी वाळू द्यायचा, सोमनाथभाऊ!"

"पान माज्या नावावर हाय. तुमी तुमचं काम करा."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण पान खरंच त्याच्या नावावर होतं.

वेबपानाची रचना झाडासारखी असते. एक फांदी काढून तिथं दुसरी बसवायला कोडची एक ओळ पुरते. दात-ओठ खात ती लिहिली.

फोटो बदलला. अण्णा गेले, सोमनाथ आला.

नंबर मात्र... अण्णांचाच.

ओळ तपासली. बरोबर होती. पुन्हा चालवली...

अण्णांचाच.

"मुद्दाम करताय तुमी!" सोमनाथ खेकसला. "बंद नंबर हाय त्यो. ह्ये ऐका!"

त्यानं नंबर फिरवला. स्पीकर लावला.

रिंग वाजली.

बाहेर लख्ख ऊन होतं. फोनमध्ये मात्र धो धो पाऊस... शेळीच्या गळ्यातली घंटा...

आणि अण्णांचा आवाज.

"बोला, किती जण येताय?"

सोमनाथ मोबाईल तिथंच टाकून पळाला.

पान मी त्याच दिवशी काढून टाकलं.

तरी दर रविवारी ट्रेकर्स पालीत येतातच. "पानावरून नंबर घेतला, काकांशी बोलणं झालंय," म्हणतात. मावशींची चूल पेटती आहे.

मागच्या आठवड्यात मी जाऊन आले. मावशी भाकरी थापत होत्या. मग एकदम परात आपटली.

"समद्या जगाशी बोलत्यात! म्या रोज फोन लावते, पोरी... माजा उचलत न्हाईत."