चाळीस हजार पक्षी

त्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून बरं, नाहीतर हे दोघं असे जिन्यात भेटलेच नसते.

डॉक्टरीण चहाचा थर्मास घेऊन जिना चढत होती. खरीखुरी डॉक्टर नव्हे हो! तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिचे बाबा मिळून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. पण ही पोरगी मशीनला कान लावून दुखणं सांगायची, म्हणून अख्खी इमारत तिला डॉक्टरीण म्हणे. जिन्याच्या वळणावर एक उंच तरुण भिंतीला टेकून धापा टाकत होता. छातीशी निळ्या चादरीत गुंडाळलेलं जड गाठोडं धरलेलं.

"बाळाला ताप आलाय का?" तिनं विचारलं.

"ताप नाही... मध्येच डोळे मिटतं." एवढा दमलेला असूनही तो हसला.

बाई गं, ते हसू! डॉक्टरणीची एक पायरी चुकलीच.

चादरीतून निघाला गेमिंगचा भलामोठा कॉम्प्युटर, एका बाजूनं काच असलेला.

"चालता चालता अचानक बंद पडतो," तो म्हणाला. "एकानं सांगितलं मदरबोर्ड बदला, दुसऱ्यानं सांगितलं नवाच घ्या. शनिवारी परीक्षकांसमोर याच्यावर माझा गेम दाखवायचाय. मी बनवलाय... तीन वर्षं लागली. आवडला तर पुढचं काम मिळेल. नाहीतर सोमवारपासून मामाच्या गोदामात खोकी मोजायची, तसं आईला कबूल केलंय."

तो मंगळवार होता. डॉक्टरणीनं धूळ काढली, पंखे तपासले, मग मशीनवर ताण देणारा प्रोग्रॅम दोन तास चालवला. मशीन बंद पडायचं नावच घेईना. तो स्टुलावर बसून तिची बोटं बघत होता.

"स्क्रूकडे न बघता कसे काढता तुम्ही?"

"बोटांना दिसतं."

"कमाल आहे," तो इतक्या मनापासून म्हणाला, की तिच्या हातून एक स्क्रू घरंगळून टेबलाखाली गेला. बाबा सोल्डरिंग करता करता उगाचच खाकरले.

आणि बुधवारी दुपारी स्वारी पुन्हा दारात!

"चादरवाला परत आला गं!" बाबांनी आरोळी ठोकली.

डॉक्टरणीला आनंद झाला आणि रागही आला. तिच्या हातून गेलेलं मशीन कधी परत येत नसे. "बंद पडतं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता?" तिनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

तो घुटमळला. "दाखवू? पण... अजून कुणालाच दाखवलं नाहीये."

त्यानं गेम सुरू केला. संध्याकाळचं तळं. काठावर लव्हाळी, पाण्यावर विसावलेले पांढरे पक्षी, इतके की पाणी दिसेना. डॉक्टरणीनं दिवसरात्र गेम पाहिलेले. पण असलं काही... तिचा श्वास नकळत मंदावला. प्रत्येक पक्षी वेगळा होता. कुणी पंख साफ करत होता, कुणी शेजाऱ्याला ढोसत होता.

"किती आहेत?"

"चाळीस हजार. प्रत्येक जण फक्त आजूबाजूच्या सातांकडे बघून उडतो. थवा मी काढलेलाच नाही, तो ते आपले आपणच जमवतात. हे टाळीचं बटण दाबलं की सगळे एकदम उठायला हवेत."

त्यानं बटण दाबलं. लाखभर पंखांची सळसळ झाल्यासारखं वाटलं आणि... फट्! स्क्रीन काळी.

"अहो, पुढे काय होतं?" डॉक्टरीण जवळजवळ ओरडलीच.

"मलाही माहीत नाही," तो हळूच म्हणाला. "दहा-दहा, शंभर-शंभर उडवून पाहिलेत. सगळे एकत्र मी कधीच पाहिले नाहीत."

तीन वर्षं! ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्यासाठी तीन वर्षं! डॉक्टरणीला भरून आलं. हा माणूस आहे तरी कोण?

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळे एकदम! तिचा प्रोग्रॅम ताण हळूहळू चढवायचा. याचे पक्षी एका क्षणात उठत होते. ग्राफिक्स कार्ड त्या क्षणी वीज ओरबाडणार... तिनं घाईनं काच काढली आणि आत डोकावली. कार्डाला विजेची दोन तोंडं होती, पण दोन्हींत एकाच केबलचे दोन फाटे खोचलेले.

"दुसरी केबल कुठाय?"

"घरी, खोक्यात. आत फार गिचमिड दिसत होती म्हणून..." तो ओशाळला. "काचेतून छान दिसावं म्हणून एकीवरच भागवलं."

"धन्य आहे तुमची! एका केबलवर चाळीस हजार पक्षी!" ती हसली, आणि मग तिचं तिलाच राहवेना. "पण चूक माझीही आहे. हे मला कालच दिसायला हवं होतं. नजर भलतीकडेच होती माझी."

तो कानापर्यंत लाल झाला. बाबांनी या वेळी खाकरायचंही टाळलं. ते उठले आणि त्याच पॉवर सप्लायला बसणारी केबल कपाटातून काढून निमूटपणे तिच्या हातात दिली.

तिनं ती लावली. त्यानं बटण दाबलं.

तळं उठलं. आधी एक पांढरी भिंत, मग ती भिंत वाकली, फाटली, पुन्हा जुळली, आकाशभर वळत गेली, आणि खाली पहिल्यांदाच मोकळं पाणी दिसलं, सोनेरी. बाबांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. तो तर मटकन खाली फरशीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. डॉक्टरीण त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिचेही डोळे वाहत होते आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

"हे तू केलंस?" ती कुजबुजली.

"आपण," तो म्हणाला.

लागोपाठ पाच वेळा पक्षी उडाले. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

"झालं तर मग," चादरीची गाठ मारत ती म्हणाली. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न काही जमला नाही. "शनिवारची काळजी मिटली. आता इकडे यायची गरज नाही."

तो गाठोडं उचलेना. "आणि... मशीन न घेता यायचं असेल तर?"

"तर मग कशाला आलो ते सांगावं लागेल. बाबांसमोर."

परीक्षकांना घाबरणार नाही इतका घाबरत तो बाबांकडे वळला. "काका, मी... मी हिला भेटायला आलोय."

बाबांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"अरे, पण तू अजून गेलायस कुठे?"