संत्रं सोलणारी बाई

ए रोके, दात काय काढतोस? हसायचं तर आत्ताच हसून घे. माझा जन्म चित्रांना चौकटी ठोकण्यात गेला, भुताखेतांचं मला कधी सोयरसुतक नव्हतं. पण साल्तो गावातल्या आपल्या फाउस्तोचं काय झालं, ते मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी, बारा जुलै, शुक्रवार. संध्याकाळी सव्वासातला तो बासिलियोकडे चित्र आणायला गेला. बासिलियो जुनी चित्रं दुरुस्त करतो. हे चित्र फाउस्तोच्या आजोबांनी १९३२ साली काढलेलं. स्वयंपाकघर, किटली, टेबलाशी संत्रं सोलत बसलेली त्यांची पहिली बायको, डेल्फिना. ती वारली. दुसरी आली ओफेलिया. म्हणाली, घरात हिचं तोंड नको. आजोबांनी मुकाट्याने डेल्फिनाच्या चेहऱ्यावर ओफेलियाचा चेहरा रंगवला.

ही ओफेलिया फाउस्तोची आजी. आईबापाविना पोराला तिनेच वाढवलं. तिच्यावर त्याचा फार जीव.

पण रंग जुना झाला की विरळ होतो. आजीच्या डोळ्यांखालून दुसरे डोळे दिसायला लागले होते, म्हणून त्याने चित्र दुरुस्तीला दिलेलं. बासिलियोने साफ सांगितलं, ‘हे मी झाकणार नाही. खालची बाई आधीची आहे.’

‘ती मेली कधीच. ही माझी आजी आहे,’ म्हणत फाउस्तोने स्वतःच ब्रश उचलला.

डावा डोळा झाकला. उजव्यावर ब्रश नेला...

डोळा मिटला.

संत्र्याच्या सालीचा वास आला. मग आजीचा चेहरा ओघळायला लागला... कपाळ, नाक, हनुवटी. खाली डेल्फिना. फाउस्तोकडे बघत होती.

तो पळत घरी आला. भिंतीवर आजीचे अकरा फोटो. हात, कपडे जागच्या जागी. चेहऱ्यांवर मात्र रंग... गुळगुळीत, अंगाच्या रंगाचा.

नऊ वाजता माझ्या दारात उभा. रडत होता बिचारा. ‘एलादिओकाका, मला आजी आठवत नाहीये. तुम्ही सांगा ना, कशी दिसायची?’

अरे, त्या बाईच्या हातचं मी वीस वर्षं जेवलोय. सांगायला तोंड उघडलं, आणि...

मलाही तिचा चेहरा आठवेना.

सकाळी आम्ही दोघं कब्रस्तानात गेलो. तिच्या थडग्यावर चिनीमातीच्या तबकडीत तिचा फोटो भाजून बसवलाय. त्यावरही तोच रंग. वर्ष झालं, ऊन लागलं, पाऊस पडला. काल मी बोट लावून पाहिलं, तर अजून ओला आहे.