नव्या साडीवर गमबूट

"तिकडं बघू नका. डोळे जातील."

सोमेश्वर नाल्याच्या घाण पाण्यावरून भांडायला आला होता, पण दैवशालाच्या आवाजाने तिथेच थबकला. जोराचा पाऊस झाला की जालन्याची गटारं तुंबायची आणि ते पाणी नाल्यात, त्याच्या मिरचीच्या नर्सरीशेजारून वाहायचं. नाल्यात पडण्याआधी ते निळ्या दिव्यांजवळून काढून त्यातले जंतू मारायचे, ही दैवशालाची नोकरी.

"दिव्याकडं न्हाई बघायचं, मंग कुठं बघायचं?"

"पाण्याकडं. भांडायला आल्ते ना तुम्ही?"

"आल्तो खरा... विसरलो."

मग तो दर पावसाला विसरायला यायला लागला. तिने त्याला शिकवलं—दिवे काचेच्या नळ्यांत असतात, नळीवर बुळबुळीत थर चढला की उजेड आतच अडतो आणि जंतू खुशाल पुढे जातात. म्हणून गटार वाहिलं की नळ्या पुसायच्याच.

सप्टेंबरात तो रीतसर तिला बघायला आला, आईला घेऊन. कौसल्याबाईंनी पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. पण गटारीचं काम सोडावं लागंल. असले हात आमच्या चुलीला न्हाई चालत."

बाहेर पाऊस कोसळत होता. दैवशालाचे कान तापले.

"काकू, तुमच्या मोरीचं पाणीबी तिथंच येतंय. ते ह्याच हातांनी साफ होतंय. काम सोडणार न्हाई. अन् पाऊस आलाय, मी निघाले."

तिचे वडील हाका मारत राहिले. तिने नव्या साडीवर गमबूट चढवले आणि स्कूटी काढली. वाटेत ती रडली. पण मागे फिरली नाही.

पाणी चढत होतं. दिवे बंद करून तिने नळ्यांची चौकट वर ओढली, तोच मागून भिजलेला आवाज आला.

"एक कापड मला द्या."

"आई?"

"रुसली. सांगून आलो, सून हीच अन् तिचं काम बी हेच."

तिने कापड फेकलं. "बराबर पुसा. एक नळी राहिली तर लग्न मोडलं."

"म्हंजे... ठरलं?"

तिने पुढच्या नळीकडे बोट दाखवलं. नळ्या लख्ख झाल्यावर चौकट खाली सोडली, डोळे जपायचा स्वतःचा काळा मुखवटा काढून त्याच्या तोंडावर बसवला आणि दिव्यांकडे पाठ करून बटण दाबलं. पाणी निळं झालं. त्याने तिचा हात धरला.

"गटारीचा हाय तो," ती म्हणाली.

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि हात सोडला नाही.