रस्त्याकडचे झाप

"सोमवारी बाकीचे पैसे भरले नाहीत तर भरलेले अकरा लाखही जाणार. आणि भरले तर भाडेकऱ्यासकट घर गळ्यात पडणार," जुनेरा म्हणाली. "माझ्या मियांची कुवेतमधली बारा वर्षं आहेत ती. मी करू तरी काय?"

अलिबागच्या गुप्तहेर क्रांतीताई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा सहकारी गणराज मात्र वैतागला होता. भूमापन खात्यात तीस वर्षं त्याने असलीच भांडणं ऐकली होती, आणि निवृत्तीनंतरही तीच नशिबी आली होती.

कर्ज थकलं म्हणून बँकेने चौलचं एक घर लिलावात काढलं. एजंट हर्षदने ते जुनेराला मिळवून दिलं. तिने चौथा हिस्सा भरला आणि आठवड्यात घरात प्रज्योत नावाचा भाडेकरू उगवला. निघायचे दहा लाख मागत होता. बँक म्हणत होती, घर आहे तसं विकलंय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. शेजारचे बंगले मुंबईकरांचे, वर्षभर कुलपात. तो खरंच तिथे राहत होता का, हे विचारणार कोणाला?

आधी हर्षदचा फ्लॅट. लिफ्ट बंद. तिसरा मजला चढताना गणराजने बिल्डरचा आणि स्वतःच्या गुडघ्यांचा मनसोक्त उद्धार केला.

"मी तर भाभींना सांगतोय, सोडून द्या," हर्षद म्हणाला. "कोर्टात दहा वर्षं जातील. मी स्वतः महिनाभर चौलला फिरकलो नाही, इतकं मन उडालंय."

मग जुनेराला घेऊन चौल. नाक्यावर सोनाबाई झावळ्यांचे झाप विणत बसली होती. मे संपत आला होता. पावसाची झड अडवायला गणराजला पडवीला बांधायला झाप हवेच होते.

"संपलं की," सोनाबाई म्हणाली. "परवा हर्षदशेटनी ईस नेलं. पैसं अजून दिलं न्हाय."

गणराजने कपाळाला हात लावला. साधे झापसुद्धा वेळेवर मिळू नयेत?

घराच्या रस्त्याकडच्या पडवीला मात्र कोरे झाप नीट बांधलेले होते. मागची, समुद्राकडची पडवी उघडीच होती. तिथल्या भिंतीवर वाळलेल्या शेवाळाचे काळे ओघळ होते.

"आठ वर्षं राहतोय," प्रज्योतने करारनामा पुढे केला. "आठ पावसाळे काढलेत इथे. दरवर्षी झाप मीच बांधतो."

गणराजने कागद उलटसुलट पाहिला. स्टॅम्प जुना, सही घरमालकाची. "ताई, संपलं सगळं. कागद पक्का आहे."

"कागद ठेव," क्रांतीताई म्हणाल्या. "हर्षदला बोलाव."

तासाभरात हर्षद आला. क्रांतीताई सगळ्यांना मागच्या पडवीत घेऊन गेल्या.

"कोकणात पाऊस कुठून येतो, गणराज?"

"समुद्राकडून. हे काय विचारणं झालं?"

"मग आठ पावसाळे काढलेला माणूस झाप रस्त्याकडे कसा बांधेल? ती बाजू कोरडीच असते. हे झाप पावसासाठी बांधलेच नव्हते. जाणाऱ्या-येणाऱ्याला घर नांदतं दिसावं म्हणून बांधले."

प्रज्योतने मान खाली घातली.

"त्याला चूक कळली नाही, कारण तो इथला नाही. पण झाप आणले कोणी? सोनाबाईकडून परवा वीस झाप हर्षदने नेले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला झाप कशाला? आणि महिनाभर चौलला न फिरकलेला माणूस परवा नाक्यावर कसा?"

गणराज ओशाळला. झाप मिळाले नाहीत म्हणून तो नुसता चिडला होता.

"जुनेराने सोमवार चुकवला की पुन्हा लिलाव. भाडेकरू असलेल्या घरावर बोली कोण लावणार? तूच, हर्षद, मातीमोलाने."

"पंचवीस हजार देतो म्हणाले होते," प्रज्योत पुटपुटला. "कागदही त्यांनीच केला, सहीसकट."

पोलिसांना फोन लावायला गणराजला या वेळी सांगावं लागलं नाही.

जुनेरा पडवीच्या पायरीवर बसली. तिने भिंतीवरच्या त्या ओघळांवरून हात फिरवला. मग पदराने डोळे पुसून उठली आणि प्रज्योतला म्हणाली, "पोलीस येईपर्यंत ते झाप सोड आणि इकडे बांध. पाऊस आठ दिवसांवर आलाय, आणि घर माझं आहे."