दुपारी तीनचा खुनी

दुपारचे तीन वाजले होते, ऑगस्ट महिना होता, आणि आमच्या गच्चीच्या कठड्यावरून एक अनोळखी पुरुष आत उडी मारत होता.

उडी त्यानं नीट मारली. उतरला मात्र थेट आमच्या टोमॅटोत.

चार दिवसांची मेहनत होती ती. शिजवून, गाळून, मीठ घालून फळ्यांवर पसरलेला रस उन्हात आटत आटत आता कुठे गडद लाल व्हायला लागला होता. त्याचा उजवा बूट त्यात पचकन रुतला. तो तसाच दोन पावलं पुढे आला आणि चुन्याच्या पांढऱ्या गच्चीवर दोन लाल ठसे उमटले. हातात घड्याळ होतं, नजर घड्याळावर. मग त्याला मी दिसले — पडवीच्या सावलीत, हातात लाकडी उलथनं घेऊन उभी.

"तुम्ही इथे काय करताय?" त्यानं विचारलं. मला!

"मी? ही आमची गच्ची आहे. तुम्ही कोण?"

"मी... खुनी," तो घाम पुसत म्हणाला. "म्हणजे मी नाही — माझा खुनी. कादंबरीतला. तो याच वाटेनं पळतो. चार मिनिटं वीस सेकंद लागतात. या वेळी सगळं गाव झोपलेलं असतं ना... म्हणजे कुणी बघणारच नाही."

मी नुसतं उलथन्यानं सभोवार दाखवलं.

त्यानं वळून पाहिलं. आजही डोळे मिटले की मला त्याचा तो चेहरा दिसतो. आमच्या तोरेसालात घरं टेकडीवरून समुद्राकडे पायऱ्यांसारखी उतरत जातात. आमच्या गल्लीत एकाखाली एक अशा सात गच्च्या. आणि ऑगस्टात प्रत्येक गच्चीवर हे वाळवण — लाल फळ्यांच्या रांगाच रांगा, उन्हात ओल्या माणकासारख्या चमकणाऱ्या. दर गच्चीवर गवती टोपी घातलेली एक बाई. साती जणींची उलथनी हवेत थांबली होती आणि साती जणी त्याच्याकडेच बघत होत्या. मागे समुद्र कल्हई केल्यासारखा पांढरा.

त्यानं हळूच टोपी काढली. चर्चमध्ये शिरताना काढतात तशी.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," तो पुटपुटला.

"पुरुषांना माहीत नसतं," मी म्हटलं. "ते झोपलेले असतात."

त्याचं नाव ओरेस्ते गारील्यो. तोरीनोचा, म्हणजे पार उत्तरेचा. शेजारच्या डोन्ना चिच्चिनांच्या गच्चीवरची खोली त्यानं महिन्याभरासाठी घेतली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. सकाळ-संध्याकाळ टाइपरायटरची टकटक ऐकू यायची. बायका म्हणायच्या, कर खात्याचा माणूस असणार. तो कादंबरी लिहितोय, रहस्यकादंबरी, हे त्या दिवशी कळलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. स्टेशनवरच्या टपरीत मिळणाऱ्या रहस्यकथा मी हातात पडतील तशा वाचायची. पण पुस्तक कुणीतरी *लिहितं*, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अंजीर जसं झाडाला येतं तसं पुस्तक टपरीला येतं, अशीच काहीतरी माझी समजूत असावी. आणि आता एक माणूस — कान उन्हानं सोललेले, एक बूट लाल — माझ्यासमोर उभा राहून सांगत होता की तो माणसं बनवतो आणि मग त्यांना मारतो. मला त्याची भीती वाटली. भीती नव्हे... चर्चची घंटा अगदी डोक्यावर वाजली की छातीत जे होतं ना, ते.

आवाज ऐकून आई वर आली. माझी आई डोन्ना काताल्दा. नवऱ्याच्या माघारी दोन मुली वाढवलेली बाई. तिनं आधी फळी पाहिली, मग बूट, मग माणूस.

"माझ्या अविवाहित मुलीच्या गच्चीवर परका पुरुष," ती शांतपणे म्हणाली. "साती गच्च्यांनी पाहिलंय. आता काय करायचं ते सांगा."

तेवढ्यात पलीकडून डोन्ना चिच्चिना ओरडल्या, "अगं काताल्दा, त्याला शिक्षा दे! टोमॅटो तुडवलेत ना? मग आम्हाला ती गोष्ट वाचून दाखवू दे. दिवसभर उलथून उलथून जीव कंटाळतो!"

आणि तसं ठरलं. रोज दुपारी तीनला ओरेस्ते आपल्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायचा आणि मोठ्यानं वाचायचा. आवाज खालच्या सातव्या गच्चीपर्यंत जायला हवा, म्हणून जवळजवळ ओरडतच. सात बायका ऐकत आहेत म्हटल्यावर आईलाही हरकत घेता येईना. एवढ्या लोकांसमोर माणूस वाकडं ते काय करणार?

कथा अशी होती. भर उन्हाळ्यात, दुपारी तीनला, गावातल्या म्हाताऱ्या नोटरीचा बंद खोलीत खून होतो. खुनी म्हणजे त्याचा पालेर्मोहून आलेला पुतण्या. तो गच्च्यांवरून उड्या मारत येतो आणि तसाच परत जातो. कुणी बघत नाही. सगळी कादंबरी त्या एका वाक्यावर उभी होती — कुणी बघत नाही.

पहिल्या दिवशी त्यानं आमच्याच गल्लीचं वर्णन वाचलं. चुना, ऊन, बंद झडपा, भिंतीवर निपचित पडलेली पाल. जन्मापासून रोज पाहिलेली गल्ली ती. त्याच्या वाक्यातून आली आणि मला ती जणू पहिल्यांदा दिसली. माझा हात थांबला. फळीवरचा रस एका बाजूला करपायला लागला तरी मला भान नव्हतं. नोटरी मेला तेव्हा साती गच्च्यांवर बायकांनी छातीवर क्रूस काढला, आणि चौथ्या गच्चीवरच्या मेलिना ॲप्रन डोळ्याला लावून रडली. एका कागदाच्या माणसासाठी!

पण खुनी गच्चीवर चढला आणि गोंधळ उडाला.

"अहो, मी असते ना तिथे!" तिसऱ्या गच्चीवरून हाक आली. "मला दिसल्याशिवाय जाईल कसा?"

"मग रात्री खून करू," ओरेस्ते म्हणाला.

"रात्री? ऑगस्टात रात्री आम्ही सगळे गच्चीवरच झोपतो, लेका."

"रविवारी मग. सगळे प्रार्थनेला गेल्यावर."

"टोमॅटोला रविवार नसतो. आम्ही आळीपाळीनं जातो."

त्यानं कागद मांडीवर आपटले. "म्हणजे या गावात खूनच करता येत नाही!"

"ही तक्रार आहे की कौतुक?" मी कठड्यापलीकडून विचारलं.

तो माझ्याकडे पाहून हसला. पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. नंतर, बायका पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा, हळू आवाजात म्हणाला, "एकतीस तारखेच्या बसनं मला जायचंय, सिन्योरीना नुन्झियाता. प्रकाशकानं तीच तारीख दिलीय. पुस्तक पूर्ण असेल तर घेतील. नसेल तर मेव्हण्याच्या बटणांच्या कारखान्यात टेबल तयार आहे. एकदा तिथे बसलो की मग..."

"मग काय?"

"मग इकडे यायला काही कारणच उरणार नाही."

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. फळीकडे बघत होता. मीही फळीकडेच बघत होते. एवढं मन लावून टोमॅटो आम्ही दोघांनी जन्मात पाहिले नसतील.

मग मी रोज विचार करू लागले. उलथताना, पाणी भरताना, पीठ भिजवताना. गच्च्या रिकाम्या केव्हा असतात? खून कसा व्हायचा? आई म्हणायची, "काय गं, बडबडतेस काय?" काय सांगणार... आई, मी एका म्हाताऱ्याला मारायची वेळ शोधतेय!

सव्वीस तारखेला दुपारी आईनं एकाएकी हात थांबवला. दक्षिणेकडे बघितलं. समुद्र शिशासारखा झाला होता आणि पलीकडचा डोंगर हात लावावा इतका जवळ आलेला.

"उद्या शिरोक्को," ती म्हणाली. "फळ्या आत घ्या."

शिरोक्को म्हणजे आफ्रिकेकडून येणारा वारा. भट्टीचं दार उघडावं तसा येतो, लाल धूळ घेऊन. वाळवणावर धूळ बसली की सगळं वाया. म्हणून तो येणार म्हटलं की सगळ्या जणी...

मी कठड्याकडे धावले.

"तुमच्या खुन्याला फार घाई आहे," मी म्हटलं. "त्याला थांबायला सांगा."

"कशासाठी?"

"वाऱ्यासाठी. उद्या शिरोक्को आहे. गच्चीवर एक फळी नसेल, एक बाई नसेल. सगळं गाव झडपा लावून आत बसेल."

ओरेस्ते हळूहळू उभा राहिला. "पण हे आदल्या दिवशी कळायला हवं. पालेर्मोच्या पुतण्याला कसं कळेल?"

"नाहीच कळणार. त्यानं खून केलेलाच नाही."

"मग कुणी?"

"दुसऱ्या प्रकरणात मिठागराचा मुकादम आहे ना, आभाळाकडे बघत पाइप ओढणारा? मिठागरवाल्याला वारा दोन दिवस आधी कळतो. नोटरीनं त्याची जमीन बळकावल्याचं तुम्हीच लिहिलंत."

"त्याला मी नुसता शोभेसाठी ठेवला होता!"

"शोभेसाठी माणसं नसतात आमच्याकडे."

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी साती गच्च्यांकडे बघितलं होतं तसं. फक्त आता समोर एकच गच्ची होती. मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना... कोपरापर्यंत लाल झालेले ते हात.

"उद्या," तो अगदी हळू म्हणाला, "गच्च्या खरंच रिकाम्या असतील?"

"असतील."

एवढंच बोलणं झालं. पण त्या 'असतील'मुळे मला रात्रभर झोप लागली नाही.

सत्तावीसला वारा आला. आभाळ तांबूस, दाराची कडीही हाताला चटके देणारी. तीनच्या सुमाराला आई झोपलीय असं पाहून मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. तो येणार. चार मिनिटं वीस सेकंदांची तर वाट... आता तर कठड्याच्या पलीकडेच. फटीतून धूळ येत होती, दातांत कचकचत होती. वाऱ्यातून टाइपरायटरची टकटक ऐकू येत होती. ती थांबली की माझा श्वास थांबायचा. पुन्हा सुरू व्हायची.

तो आला नाही.

अठ्ठावीसला आला नाही. एकोणतीसला टकटक दुपारीच थांबली, ती थांबलीच. मी कठडा बघत राहिले. कठड्यावर धूळ साठत गेली, तिच्यावर कुणाच्या हाताची खूण नाही. त्याला वेळ हवी होती ती पुस्तकासाठी, मला कळलं. मी त्याला खून मिळवून दिला होता, झालं. संध्याकाळी तोंड धुताना आईनं विचारलं, "डोळे लाल कशानं?" म्हटलं, धुळीनं.

तीस तारखेला वारा पडला. बायकांनी गच्च्या धुतल्या, फळ्या बाहेर आल्या. मी ठरवलं होतं, पलीकडे बघायचं नाही. उलथत राहायचं.

तीन वाजले. अचानक खालच्या गच्चीवरचं बोलणं थांबलं. मग त्याखालचं. मी मान वर केली.

ओरेस्ते कठडा ओलांडत होता. इस्त्रीचा शर्ट, या उकाड्यात कोट, गळ्याला टाय. दाढी करताना हनुवटी कापलेली. या वेळी तो फळ्या बघून, एकेक पाऊल जपून टाकत आला आणि आईसमोर उभा राहिला.

"पुस्तक झालं, डोन्ना काताल्दा," तो म्हणाला. "उद्या घेऊन जातोय. मुकादम पकडला गेला."

"बरं झालं," आई म्हणाली. "मग हा टाय कशाला?"

मला राहवलं नाही. "तीन दिवस गच्च्या रिकाम्या होत्या," मी म्हटलं. "तीन दिवस! तेव्हा नाही सुचलं यायचं? आज सगळं गाव बघतंय तर—"

"रिकाम्या गच्चीवरून खुनी येतो," तो म्हणाला. सातव्या गच्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात. "मला सगळ्यांनी बघायला हवं होतं."

खाली, फार खाली, लाटा खडकाला लागत होत्या ते वर ऐकू आलं. भर ऑगस्टात माझ्या अंगावर काटा आला. आजवर मला वाटत होतं, माणूस गोष्टी बनवतो हे सगळ्यात मोठं नवल. तसं नव्हतं. सगळ्यात मोठं नवल माझ्यासमोर उभं होतं, घामानं निथळत, एका गावाच्या नजरेखाली.

"बघितलं आम्ही, लेका!" डोन्ना चिच्चिना ओरडल्या. "आता पुढचं बोल, मेलिनाचा रस करपतोय!"

"मला परत यायचंय," ओरेस्ते आईला म्हणाला. "पुस्तक देऊन. नुन्झियातासाठी. तुमची परवानगी असेल तर."

आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला काय विचारता? पुस्तकात खून कुणी केला ते हिनं ठरवलं. हेही हीच ठरवेल."

सात उलथनी हवेत. मेलिनानं तर डोळ्याला ॲप्रन आधीच लावला होता.

"या," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, सातव्या गच्चीसाठी. "या परत. पण आता जिन्यानं या. पुढच्या दारातून."